मजुरीत बाटली नको

द्राक्षाचा खुडा संपत आला की आपल्याकडे काही बागांत एक रीत दिसते. मालक मुकादमाला हिशेब देतो आणि वर टोळीसाठी दोन बाटल्या. मजूर खूश झाला, की पुढच्या वर्षी टोळी दुसरीकडे जात नाही, असा त्यामागचा हिशेब. पण टोळीत बायाही असतात. त्यातली एखादी दीड-दोन महिन्यांची गरोदर असते, तिचं तिलाही पुरतं कळलेलं नसतं. अंग ठणकतं म्हणून तीही घोटभर घेते. शेतीच्या पानावर हा विषय कशाला, असं कोणी म्हणेल. बाटली आपल्या बांधावरून जाते, म्हणून.

आईच्या रक्तातली दारू वारेतून बाळापर्यंत पोचते. बाळाचं यकृत कच्चं, ती पचवायची ताकद त्यात नसते. आणि मेंदू तर नऊही महिने घडत असतो. उसावर मारलेलं टू-फोर-डी वाऱ्याने शेजारच्या बागेवर आलं की द्राक्षाची कोवळी पानं कशी पंख्यासारखी वेडीवाकडी होतात, ते आपण पाहिलंय. तेव्हा वेलीला कोणी शिव्या देत नाही.

मुलाला मात्र देतो. अमेरिकेत सिअ‍ॅटल इथल्या डॉक्टरांनी १९७३ साली या विकाराला फीटल अल्कोहोल सिंड्रोम असं नाव दिलं. काही मुलांचा वरचा ओठ पातळ, नाक आणि ओठांमधली पन्हळ सपाट, डोळे बारीक असतात. पण बऱ्याच मुलांच्या चेहऱ्यावर काहीच दिसत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे. पोरगं बोलायला चुणचुणीत, पण हिशेब जमत नाही. काल शिकलेलं आज आठवत नाही. तीन कामं सांगितली तर एक करतं. मार खाल्ला तरी तीच चूक पुन्हा. असं केलं तर पुढे काय होईल, हे त्याच्या ध्यानात येत नाही. समोरचा रागावलाय की थट्टा करतोय, कळत नाही. कोणावरही विश्वास ठेवतं, मग टवाळ पोरं त्याला पुढे करतात आणि सापडतं तेवढं हेच. गुरुजी म्हणतात ढ, बाप म्हणतो कामचुकार. प्रत्येक मागे पडणारं पोर यातलंच असतं असं नाही; कारणं बरीच असतात, ती डॉक्टरांनीच ठरवावीत.

दक्षिण आफ्रिकेच्या वेस्टर्न केप प्रांतात आपल्यासारख्याच द्राक्षबागा आहेत. तिथे पिढ्यानपिढ्या मजुरीचा काही भाग वाइनमध्येच दिला जाई, तोही दिवसातून अनेकदा. या रीतीला ‘डॉप’ म्हणत. कायद्याने बंदी आली, तरी काही मळ्यांवर ती १९९० च्या दशकापर्यंत चालूच राहिली. १९९७ साली त्या भागातल्या एका गावात पहिलीतली मुलं तपासली, तेव्हा हजारात चाळीसहून जास्त मुलांना हा विकार निघाला. म्हणजे पंचवीसच्या वर्गात एक. मालकांनी पाजायचं थांबवलं तरी लागलेली सवय घराघरांत राहिली होती.

आपल्याकडे तसं नाही हे खरं. पण खुशीची बाटली आणि मजुरीची बाटली यात फार अंतर नसतं. द्यायचंच असेल तर रोख द्या, नाहीतर गूळ-शेंगदाणे द्या.

गरोदरपणात इतकी चालते, अमुक महिन्यानंतर चालते, हातभट्टी वाईट पण मोहाची चांगली, यातलं काहीच खरं नाही. आधी घेतली गेली असेल तर आज थांबल्यानेही फायदा होतो. त्या बाईला चारचौघांत बोल लावू नका, ती लपवील. घरात नवरा पीत असेल तर तिने एकटीने सोडणं अवघडच. आशाताईंनी दोघांनाही बसवून सांगावं.

ज्या मुलाला हा त्रास आहे त्याचा मेंदू औषधाने पहिल्यासारखा होत नाही. पण एका वेळी एकच काम सांगितलं, ते स्वतः करून दाखवलं, रोजचा दिनक्रम ठरलेला ठेवला, की पोरगं बरंच सावरतं. जितकं लवकर ओळखू तितकं बरं.

छाटणीच्या टोळ्या येण्याआधी जी ग्रामसभा होईल तीत सरपंच, ग्रामसेवकांनी आशाताईंना दहा मिनिटं द्यावीत. मुकादमांनाही बोलवावं. टोळीतल्या बाया सभेला येत नाहीत, त्यांच्यापर्यंत निरोप तोच पोचवतो.