टी-सेल उपचार देशात आला. इंदूरच्या रुग्णाने हिशेब कसा मांडावा?

कृष्णपुरा (इंदूर) : छत्र्यांसमोरच्या चहाच्या टपरीवर परवा एका ओळखीच्या काकांनी मोबाईलवरचा व्हिडिओ दाखवला. "एका इंजेक्शनात कॅन्सर बरा म्हणे. भाच्याला ब्लड कॅन्सर आहे, प्लॉट विकू का?" प्रश्न त्यांचा एकट्याचा नाही, म्हणून हा लेख.

आपल्या रक्तात टी पेशी असतात. शरीरात शिरलेला शत्रू ओळखून मारणं हे त्यांचं काम. कॅन्सरची पेशी मात्र घरचीच असल्याने बऱ्याचदा नजरेतून सुटते. कार-टी उपचारात रुग्णाच्या टी पेशी रक्तातून वेगळ्या काढतात, प्रयोगशाळेत त्यांच्यात नवा जीन घालतात आणि वाढवून पुन्हा शिरेतून देतात. तो जीन आला की बी पेशींवरची सीडी-19 ही खूण त्यांना ओळखता येते.

आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून असा देशी उपचार तयार केला. नाव नेक्सकार-19. ऑक्टोबर 2023 मध्ये त्याला केंद्राची मंजुरी मिळाली आणि 4 एप्रिल 2024 रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत लोकार्पण झालं. अमेरिकेत याच जातीच्या उपचाराला 3-4 कोटी लागतात, इथे साधारण 40 लाख.

कोणासाठी, कोणासाठी नाही

बी पेशींचा ल्युकेमिया किंवा लिम्फोमा, तोही केमो वगैरे देऊन परत उलटलेला किंवा न दबलेला, अशांसाठीच हा उपचार आहे. आपल्याकडे गुटखा-तंबाखूने होणाऱ्या तोंडाच्या कॅन्सरवर तो चालत नाही, स्तनाच्याही नाही. त्या गाठींवर सीडी-19 ही खूणच नसते.

चाचण्यांचे निकाल 2025 मध्ये लॅन्सेट हेमॅटॉलॉजीत आले. तपासता आलेल्या रुग्णांपैकी 73 टक्क्यांना फायदा दिसला. पण फायदा म्हणजे कायमची सुटका असं समजू नका. काहींचा आजार काही महिन्यांतच परतला. तीव्र ताप, बीपी घसरणं, संसर्ग हे धोकेही आहेत, म्हणून हा उपचार मोठ्या सेंटरमध्येच होतो.

खरी अडचण पैशाची

मी कॉमर्सचा माणूस, आकडे मांडतो. आयुष्मान कार्डावर कुटुंबाला वर्षाला 5 लाख. महाराष्ट्रात महात्मा फुले योजनेतही 5 लाखच. म्हणजे खर्चाचा आठवा हिस्सा. उरलेले 35 लाख, शिवाय मुंबईतला मुक्काम, हे कुठून आणायचं? कोटींवरून लाखांवर आलं हे शास्त्रज्ञांचं मोठं काम. पण नोकरदार माणसाला 40 लाखही कोटींसारखेच. पुढची जबाबदारी सरकारांची आहे: ज्यांना हा उपचार खरंच लागू पडतो, त्यांच्यासाठी वेगळा निधी हवा, आणि राज्याची सीमा ओलांडली म्हणून फाइल अडू नये.

काकांना मी एवढंच म्हटलं, प्लॉट नंतर. आधी रक्तविकारतज्ज्ञाला तीन गोष्टी विचारा: आजार बी पेशींचाच आहे का, आधीचे उपचार संपले आहेत का, आणि बोन मॅरो ट्रान्सप्लांटचा मार्ग उरला आहे का? मुंबईला जावं लागलंच, तर डॉक्टरांचा रेल्वे सवलतीचा फॉर्म घ्या. कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थर्ड एसीत भाडं माफ असतं.

काकांनी तिन्ही प्रश्न चहाच्या बिलामागे लिहून घेतले.