तारखेने ठरलेले म्हातारपण

मंडळी, पेन्शनचा विषय निघाला की आमच्या ओवे गावात हमखास दोन तट पडतात. तळोजा एमआयडीसीत आयुष्य घालवलेले शेजारी म्हणतात, "गुरुजी, तुमचं बरं आहे, सरकार जन्मभर पोसतंय!" त्यांचा राग मी समजू शकतो, पण 'पोसतंय' हा शब्द काही मला पटत नाही.

सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नकारा खटल्याचा निकाल दिला. त्यात स्पष्ट म्हटले आहे की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नाही, तो केलेल्या सेवेचा हक्क आहे. त्या पीठाचे प्रमुख आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड होते. खटला होता एका तारखेवरून. ३१ मार्च १९७९ च्या आधी निवृत्त झालेल्यांना पेन्शनचे सुधारित सूत्र लागू नव्हते. ती रेघ न्यायालयाने पुसली.

पुढे महाराष्ट्रात दुसरी रेघ आली. १ नोव्हेंबर २००५ पासून जे नोकरीला लागले, त्यांना जुनी पेन्शन नाही. ही रेघ नव्या भरतीसाठी होती, त्यामुळे कायद्याने दोन्ही गोष्टी सारख्या नव्हेत. पण शाळेत पाहा. एकाच खोलीत दोन शिक्षक वह्या तपासतात. एकाला मिळणारी रक्कम शेवटच्या पगारावरून ठरते, दुसऱ्याची बाजाराच्या चढउतारावरून. मार्च २०२३ मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी १४ तारखेपासून सात दिवस संपावर गेले, ते याच कारणाने.

माझ्या मते खरा प्रश्न रकमेचा नाही. माणूस किती वर्षे जगेल हे कोणालाच ठाऊक नसते. जास्त जगण्याचा आणि महागाईचा भार कोणी उचलायचा, हा प्रश्न आहे. जुन्या योजनेत तो सरकार उचलत होते, नव्या योजनेत तो बराचसा म्हाताऱ्याच्या खांद्यावर गेला.

तिजोरीचा मुद्दा खोटा नाही. जुनी पेन्शन परत आणली तर राज्यांवरचा बोजा पुढे वाढेल, असा इशारा रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०२३ मध्ये दिला होता. म्हणूनच ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने एकीकृत योजना आणली आणि राज्य मंत्रिमंडळाने लगेच स्वीकारली, तेव्हा मला हा मधला मार्ग बरा वाटला. कर्मचाऱ्याने पगारातून वाटा भरायचा आणि सरकारने निश्चित रकमेची हमी द्यायची.

पण त्यात एक मेख आहे. शेवटच्या वर्षाच्या सरासरी मूळ पगाराच्या निम्मी रक्कम मिळायला २५ वर्षे सेवा लागते. शिक्षकभरती वर्षानुवर्षे रखडत आली. डी.एड., बी.एड. होऊन पस्तिशीपर्यंत वाट पाहणारी मुले आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. पस्तिसाव्या वर्षी लागलेला शिक्षक ५८ व्या वर्षी निवृत्त होतो, म्हणजे सेवा २३ वर्षे. भरती लांबवली सरकारने, आणि कात्री लागणार त्याच्या पेन्शनला! निदान शिक्षकांसाठी तरी ही अट शिथिल करायला हवी.

आणि तळोज्याचे शेजारी? त्यांच्या भविष्य निर्वाह निधीतल्या पेन्शनची किमान रक्कम २०१४ मध्ये महिना १,००० रुपये ठरली. पुढची दहा वर्षे ती तशीच राहिली. हजार रुपयांत औषधेसुद्धा येत नाहीत. आमची पेन्शन कापून त्यांची वाढणार नाही, हे मी त्यांना सांगतो. पण आपल्या हक्कासाठी मोर्चे काढणाऱ्या आम्हा पेन्शनरांनी त्यांच्या हजार रुपयांबद्दलही तितक्याच मोठ्याने बोलायला नको का? तसे बोललो नाही, तर 'पोसतंय' हा शब्द आम्हाला ऐकावाच लागेल.

असो. घरात नव्या योजनेतले कोणी असेल, तर त्यांची सेवेची वर्षे आजच मोजून ठेवा. तुमचे मत वेगळे असले तरी जरूर कळवा.