दिसते तसेच होते

‘दिसते तसे नसते, म्हणून जग फसते’ ही म्हण ‘ऑथेल्लो’ नाटकाच्या गळ्यात अडकवून मोकळे होण्याची आपल्याकडील शिक्षकांची व टीकाकारांची खोड जुनी आहे. महादेवशास्त्री कोल्हटकरांनी १८६७ साली हे नाटक मराठीत उतरविले, पुढे १८९० साली गोविंद बल्लाळ देवलांनी त्याचा ‘झुंजारराव’ करून डेस्डेमोनेची कमळजा केली, आणि अशा दीर्घ सहवासाने ते आपलेसे झाले हे खरे. परंतु त्याचे तात्पर्य म्हणून जे वाक्य आम्हांला विद्यार्थिदशेत घोकावे लागले, ती वस्तुतः त्यातील खलपुरुषाची शिकवण आहे, असे माझे म्हणणे असून ते मी नाटकाच्याच दफ्तरातून शाबीत करणार आहे.

पूर्वपक्षाचे जे देणे आहे ते आधी देऊन टाकू. त्या खलपुरुषाला, इयागोला, सारे लोक प्रामाणिक म्हणतात आणि तो तसा नाही. त्याची बायको एमिलिया त्याच्याबरोबर संसार करते, पण तिलाही त्याच्या पोटातले कळलेले नाही. एवढ्यापुरते बाह्यरूप फसवे निघाले, हे निर्विवाद. परंतु ऑथेल्लोने ज्या व्यक्तीचा निवाडा करून जीव घेतला ती व्यक्ती इयागो नव्हे, ऑथेल्लोचीच बायको डेस्डेमोना. आणि डेस्डेमोना जशी दिसत होती तशीच, रतिमात्रही कमी-अधिक नव्हे, होती. आपल्या वेदान्त्यांचा रज्जुसर्पाचा दृष्टान्त येथे लावू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की, त्या दृष्टान्तात अंधुक प्रकाशात दोरीचा साप भासतो. येथे दोरी भर उजेडात दोरीच दिसत होती, आणि शेजारी उभा असलेला एक मित्र कानाशी लागून, ‘महाराज, दिसते तसे नसते’, असे सांगत होता. बापाला जिने फसविले ती नवऱ्यालाही फसवील, हा इशारा डेस्डेमोनेचा बाप ब्राबान्शिओ याने व्हेनिसमध्ये जाता जाता दिला होता; तोच इयागोने जपून ठेवून, ऑथेल्लोच्या हाताखालील अधिकारी कॅसिओ याच्याशी डेस्डेमोनेचे सूत आहे असा संशय घालताना, योग्य वेळी वटविला.

‘पण ऑथेल्लोने डेस्डेमोनेला दिलेला तो रुमाल?’ असे प्रतिपक्षी विचारील. कॅसिओच्या हाती तो ऑथेल्लोने प्रत्यक्ष पाहिला, मग डोळ्यांनीच घात केला की नाही? रुमालाची हकीकत मुळापासून पाहू. तिसऱ्या अंकात ऑथेल्लो कपाळ दुखते म्हणतो. डेस्डेमोना आपला रुमाल काढून त्याचे डोके बांधू लागते. तो लहान आहे असे म्हणून हा गृहस्थ स्वतःच तो बाजूला सारतो, रुमाल खाली पडतो, आणि राहू दे तो, असे सांगून तो बायकोला घेऊन आत जातो. त्याच प्रवेशात थोड्या वेळाने इयागो सांगतो की, आज कॅसिओला तशाच रुमालाने दाढी पुसताना आपण पाहिले. आणि घटकेपूर्वी जो रुमाल आपल्याच कपाळावरून गळून पडला त्याची या सेनापतीला आठवण होत नाही! डोळ्यांची साक्ष रुजू झालेली होती. ती दप्तरातून काढून टाकली गेली. तिच्या जागी काय आले, तर कॅसिओ झोपेत काय बरळला ते. आणि तेही दाढदुखीने रात्रभर जागा राहिलेल्या इयागोच्या तोंडून! प्रत्यक्ष पुरावा मिळणे अशक्य आहे, असे इयागो आपण होऊन कबूल करतो व अनुमानावर भागवा म्हणतो. आपल्या नैयायिकांनी शब्दाला प्रमाण मानले ते आप्ताच्या, म्हणजे विश्वासार्ह माणसाच्या, हेही येथे विसरले गेले. थॉमस रायमर नावाच्या इंग्रज टीकाकाराने १६९३ साली, एका रुमालावरून केवढे हे अवडंबर, अशी यथेच्छ थट्टा केली आहे. त्या थट्टेत रायमरला दिसले नाही ते हे की रुमाल यःकश्चित असणे हाच नाटककाराचा मुद्दा आहे.

तर मग जे दिसेल ते निमूट मानावे काय? असे माझे मत असते तर मी पहिल्या अंकाविषयी बोललोच नसतो. त्या अंकातील व्हेनिसच्या सभेचा प्रवेश अभ्यासकही घाईने उलटतात. माझ्या दृष्टीने नाटकाचे मंडन तेथेच आहे. रात्री भरलेल्या त्या सभेपुढे तुर्की आरमाराच्या बातम्या येतात: एका पत्रात गलबते १०७, दुसऱ्यात १४०, तिसऱ्यात २००. आकडे जुळत नाहीत म्हणून सभा पत्रे फेकून देत नाही. रोख सायप्रसकडे आहे यावर सर्वांचे एकमत आहे, एवढे ती उचलते. इतक्यात आरमार ऱ्होड्सकडे वळल्याची खबर येते, तेव्हा एक सभासद म्हणतो की ही निव्वळ बतावणी आहे, कारण सायप्रस तुर्कांना अधिक मोलाचे व घेण्यास सोपे आहे. आणि पुढच्याच खबरेने त्याचे बोलणे खरे ठरते. मग ब्राबान्शिओ फिर्याद घेऊन येतो की या काळ्या माणसाने चेटूक करून माझी मुलगी पळविली. येथे सभाधिपती एकच गोष्ट बजावतो: नुसते म्हणणे हा पुरावा नव्हे. आरोपीची कैफियत होते, त्याच्याच विनंतीवरून मुलीला बोलावणे जाते, तिची जबानी होते आणि फैसला लागतो. बाह्यरूपाची पारख करावी कशी, तर अशी; तिला वैराग्य लागत नाही आणि मनुष्यजातीविषयी सरसकट संशयही लागत नाही, ज्याच्याविषयी ऐकले त्याला समोर बोलावण्याची तसदी तेवढी घ्यावी लागते. आमच्याकडे वाटणीच्या कज्ज्यात वर्षानुवर्षे अबोला धरून बसलेले भाऊ मी पाहिले आहेत. तिसऱ्याने काय सांगितले ते दोघांनाही तोंडपाठ असते, दुसऱ्याला कोणी विचारलेले नसते.

ज्या तजविजीने ऑथेल्लोची स्वतःची अब्रू वाचली, ती सायप्रसला पोहोचल्यावर त्याने बायकोला नाकारली. एमिलियेची त्याने उलटतपासणी केली खरी, पण तिने मालकिणीची निर्दोषिता शपथेवर सांगताच ती कुंटणच ठरली. कॅसिओ आणि इयागो बोलत होते ते त्याने आडून पाहिले. हसू दिसले, शब्द ऐकू आले नाहीत, आणि ते शब्द कॅसिओच्या प्रेयसीविषयी, बियांकेविषयी, होते. कॅसिओला मात्र त्याने विचारले ते शेवटच्या प्रवेशात. पायाला जखम झाल्याने कॅसिओला खुर्चीत बसवून आणलेले आहे, बिछान्यावर डेस्डेमोनेचे प्रेत आहे, आणि ऑथेल्लो विचारतो की माझ्या बायकोचा रुमाल तुझ्याकडे आला कसा. तो आपल्या खोलीत पडलेला सापडला, असे कॅसिओ सांगतो.