इंजिनातील मेंदू आणि वऱ्हाडातील मिस्त्री

जून 2022 च्या पहिल्या आठवड्यात अमरावती व अकोला यांच्या दरम्यानच्या राष्ट्रीय महामार्गावर 75 किलोमीटर लांबीचा डांबरी थर 105 तास 33 मिनिटांत अंथरला गेला आणि त्याची नोंद जागतिक विक्रमांत झाली. वऱ्हाडाच्या वाट्याला कौतुकाचे असे प्रसंग क्वचित येतात. तेव्हा त्या विक्रमाचा आनंद सर्वांना झाला यात नवल नाही. परंतु रस्ता हा वाहनांसाठी असतो, आणि त्या रस्त्यावरून धावणारी वाहने गेल्या पाचसहा वर्षांत आतून पार बदलली आहेत, याची दखल मात्र फारशी कोणी घेतलेली नाही. मूर्तिजापूर, बडनेरा, बोरगाव अशा ठिकाणी रस्त्याच्या कडेला हातपंप, हवेचा कॉम्प्रेसर आणि पान्यांची पेटी एवढ्या भांडवलावर ज्यांनी आयुष्य काढले, त्या मिस्त्रींना हा बदल सर्वांच्या आधी कळला. वाहन समोर उभे आहे, कान इंजिनाचा दोष ओळखतो आहे, पण हात लावता येत नाही, अशी त्यांची अवस्था झाली आहे.

हा बदल नेमका कोणता, हे प्रथम पाहिले पाहिजे. पेट्रोलच्या इंजिनात एक भाग पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने सुमारे 14.7 भाग हवा लागते. हे प्रमाण जुळवण्याचे काम पूर्वी कार्बोरेटर करीत असे. हवेच्या ओढीने बारीक छिद्रातून पेट्रोल खेचले जाई, आणि मिस्त्री स्क्रू अर्धा फेरा इकडेतिकडे फिरवून ते प्रमाण अंदाजाने बसवीत असे. आता ते काम एक विद्युत्-झडप करते. तिच्यातील वेटोळ्यातून विद्युत्प्रवाह गेला की सुई उचलली जाते, इंधनाचा फवारा उडतो, आणि प्रवाह थांबला की झडप बंद होते. इंजिन मिनिटाला 3,000 फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलिंडरला सेकंदाला 25 वेळा इंधन द्यावे लागते; म्हणजे एका आवर्तनाला 40 सहस्रांश सेकंद मिळतात आणि त्यांतील थोडाच काळ झडप उघडी राहते. ती किती काळ उघडी ठेवायची हे ठरवणारा एक छोटा संगणक असतो. हवा किती आत आली, इंजिन किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, हे सारे तो क्षणोक्षणी मोजतो आणि त्यानुसार हुकूम सोडतो. मिस्त्री लोक त्याला सरळ ‘मेंदू’ म्हणतात, आणि तो शब्द अगदी योग्य आहे.

कल्पना जुनी आहे. 1967 साली बॉश या जर्मन कंपनीची अशी यंत्रणा फोक्सवॅगनच्या मोटारीत बसली. डिझेलच्या बाबतीत 1997 मध्ये युरोपात ‘कॉमन रेल’ पद्धत प्रवासी मोटारीत आली. तीत एका सामाईक नळीत हवेच्या दाबाच्या दीडदोन हजार पट दाबाने डिझेल साठवून संगणकाच्या इशाऱ्यावर ते फवारले जाते. आपल्याकडे बॉशच्याच सहकार्याने 1951 मध्ये निघालेल्या मायकोचा कारखाना 1970 च्या सुमारास नाशिकला आला आणि इंजेक्टर व नोझल यांच्या निर्मितीत महाराष्ट्राचे नाव झाले. खेड्यापाड्यांतील पंप-नोझल दुरुस्त करणाऱ्यांच्या तोंडी ‘मायको’ हा शब्द असा रुळला की 2008 मध्ये कंपनीचे नाव बदलले तरी तो गेला नाही.

तथापि हे नवे तंत्र सर्वसामान्य माणसाच्या दारात आले ते कायद्यामुळे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2018 मध्ये दिलेल्या आदेशानुसार 1 एप्रिल 2020 पासून केवळ भारत स्टेज 6 मानकाचीच नवी वाहने विकता येऊ लागली. त्या मर्यादेत धूर ठेवणे साध्या कार्बोरेटरच्या आवाक्याबाहेरचे होते, म्हणून जवळजवळ सर्व दुचाकींतही इंधन-झडप आणि मेंदू आले. ज्या कारकुनाने वा शिक्षकाने 2020 नंतर मोटारसायकल घेतली, त्याने कळत-नकळत एक संगणकही विकत घेतला आहे.

या तंत्राचा लाभ नाकारण्यात अर्थ नाही. धूर कमी झाला, इंधनाची उधळपट्टी थांबली. अलीकडे पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल मिसळले जाते. इथेनॉल जळण्यास वजनाने सुमारे 9 भागच हवा पुरते, आणि त्याची उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी असते. नव्या वाहनातील मेंदू धुरातील प्राणवायू मोजून झडप थोडी अधिक वेळ उघडी ठेवतो आणि मिश्रणाचे प्रमाण सावरून घेतो. जुन्या कार्बोरेटरला हे कळण्याचा मार्ग नाही. तेव्हा ‘जुने ते सोने’ हा सूर आळवण्याचा या लेखाचा हेतू नाही. प्रश्न यंत्राच्या गुणाचा नसून त्या यंत्राविषयीच्या ज्ञानाच्या मालकीचा आहे.

अर्थशास्त्रात एक साधी गोष्ट शिकवली जाते. ग्राहक वस्तू एकदाच विकत घेतो, पण सुटे भाग व दुरुस्ती वर्षानुवर्षे घेत राहतो. वस्तू घेताना त्याच्यापुढे दहा कंपन्या असतात. घेतल्यानंतर एकच उरते. खरेदीच्या वेळची स्पर्धा दुरुस्तीच्या वेळी मक्तेदारीत रूपांतरित होते. पूर्वी या मक्तेदारीला गल्लीतला मिस्त्री छेद देत असे, कारण पाना कोणाच्याही हातात चालतो. मेंदूशी बोलायला मात्र पाना उपयोगी नाही. त्याला स्कॅनर लागतो आणि त्या स्कॅनरला कंपनीची भाषा यावी लागते. बाजारात मिळणारे साधे यंत्र दोषाचा आकडा दाखवते. तो आकडा का उमटला आणि पुढे काय करायचे, हे सांगत नाही. कॉमन रेलच्या अनेक इंजेक्टरांवर तर त्या त्या नगाचा स्वतंत्र संकेतांक कोरलेला असतो. नवा इंजेक्टर बसवल्यावर तो संकेतांक मेंदूत नोंदवला नाही, तर इंजिन नीट चालत नाही. भाग हाती आहे, बसवण्याचे कौशल्य आहे, परंतु शेवटची नोंद करण्याची मुभा नाही. बैनामा होऊनही फेरफार तलाठ्याकडे अडकावा, तसाच हा प्रकार म्हणावा लागेल.

आपल्या स्पर्धा आयोगाने या प्रश्नाचा निवाडा पूर्वीच केला आहे, हे फार थोड्यांच्या स्मरणात असेल. 25 ऑगस्ट 2014 रोजी आयोगाने 14 मोटार कंपन्यांना सुमारे 2,544 कोटी रुपयांचा दंड केला. सुटे भाग आणि दोषनिदानाची साधने स्वतंत्र दुरुस्तीदारांना मिळू न देणे हा त्यांच्यावरील ठपका होता, आणि ती खुली करण्याचा आदेशही त्यात होता. डिसेंबर 2016 मध्ये अपील न्यायाधिकरणाने तीन कंपन्यांच्या बाबतीत दंडाची रक्कम उतरवली, पण मूळ निष्कर्ष कायम ठेवला. एवढा स्पष्ट निवाडा झाल्यानंतर आठदहा वर्षांत अकोल्याच्या गॅरेजात काय पोहोचले, याचे उत्तर कोणत्याही मिस्त्रीला विचारावे. शिवाय तो वाद मोटारींचा होता, ट्रॅक्टरचा नव्हता.

आणि वऱ्हाडाच्या दृष्टीने खरा प्रश्न ट्रॅक्टरचाच आहे. 50 अश्वशक्तीहून अधिक ताकदीच्या ट्रॅक्टरांना धुराचे कडक मानक लागू करण्याची तारीख वारंवार पुढे ढकलली गेली आणि अखेर 1 जानेवारी 2023 पासून ते अमलात आले. त्याखालच्या ट्रॅक्टरांना जुनेच मानक राहिले. परिणाम असा की, पन्नासच्या वरच्या ट्रॅक्टरांत बहुधा कॉमन रेल आणि मेंदू आले व त्यांच्या किमती चढल्या; आणि दुकानांत 49 च्या आसपास थांबणारे, यांत्रिक पंपाचे ट्रॅक्टर मांडले गेले. सरकार रेषा आखते तेव्हा बाजार त्या रेषेच्या अलीकडे गोळा होतो, हे करांच्या बाबतीत आपण नेहमी पाहतो. इथे ते अश्वशक्तीत दिसते. शेतकऱ्याने 49 चा ट्रॅक्टर पसंत केला तर त्याला केवळ किंमत कारण नसते. गावात दुरुस्त होईल असे यंत्र तो निवडतो, आणि त्यात त्याचा हिशोब चुकत नाही.

हा हिशोब कसा असतो ते शहरी वाचकाला सांगितले पाहिजे. मृगाचा पाऊस पडला, जमिनीला वापसा आला की सोयाबीन आणि कपाशीच्या पेरणीला जे दिवस मिळतात ते बोटांवर मोजण्याइतके. आपल्याकडे बहुसंख्य खातेदारांकडे स्वतःचा ट्रॅक्टर नाही. ते एकराच्या दराने भाड्याने घेतात. म्हणजे एक ट्रॅक्टर बंद पडला तर एकाचे नव्हे, वीसपंचवीस घरांचे वेळापत्रक कोलमडते. डिझेल कॅनमध्ये भरून शेतावर न्यायची आपली रीत. त्यात थोडे पाणी वा काळ्या मातीची धूळ शिरणे ही नित्याची बाब. जुना यांत्रिक पंप एवढे सहन करी. नव्या इंजेक्टरातील फट काही सहस्रांश मिलिमीटरची असते. ती हे सहन करीत नाही. मेंदूला दोष जाणवला की तो इंजिनाची ताकद स्वतःहून उतरवतो आणि यंत्र रांगू लागते. मग अधिकृत केंद्रातील माणूस तालुक्याहून वा जिल्ह्याहून येईपर्यंत वाट पाहायची. त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेले आणखी दहा जण असतात. या प्रतीक्षेची किंमत कोणत्याही पावतीवर येत नाही, ती उताऱ्यात येते.

कंपन्यांची बाजू अशी की, मेंदूतील आज्ञावली सर्वांना खुली केली तर लोक ती बदलतील, धूर वाढेल, अपघात होतील. या युक्तिवादात तथ्य नाही असे नाही. ताकद वाढवण्यासाठी आज्ञावलीशी खेळ करणारे लोक आहेतच. परंतु गुप्ततेमुळे प्रदूषण थांबते, हा दावा 2015 मध्ये कायमचा निकालात निघाला. फोक्सवॅगनने आपल्या डिझेल मोटारींच्या मेंदूत अशी आज्ञा दडवली होती की चाचणी चालू आहे हे ओळखून तेवढ्यापुरता धूर कमी व्हावा. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशनने आपल्याकडच्या मोटारी तपासल्या, आणि डिसेंबर 2015 मध्ये कंपनीला भारतातील सुमारे 3 लाख 23 हजार मोटारी परत बोलावण्याची घोषणा करावी लागली. बंद पेटीचा गैरवापर गल्लीतल्या मिस्त्रीने नव्हे, पेटी बनवणाऱ्यानेच केला होता. शिवाय दोष वाचणे आणि इंजेक्टरचा संकेतांक नोंदवणे वेगळे, आणि मूळ आज्ञावली बदलणे वेगळे. पहिल्याला मुभा देऊन दुसऱ्याला बंदी घालणे तांत्रिकदृष्ट्या अवघड नाही.

युरोपीय संघाने 2007 च्या नियमावलीत धुराची मर्यादा आणि स्वतंत्र दुरुस्तीदारांना माहिती देण्याची सक्ती या दोन्ही गोष्टी एकाच कायद्यात घातल्या. हा जोड महत्त्वाचा आहे. आपण युरोपची मर्यादा उचलली आणि तिच्या जोडीचे कलम तिथेच ठेवून आलो. अमेरिकेत कोलोरॅडो राज्याने 2023 मध्ये शेतीयंत्रांच्या दुरुस्तीचा हक्क कायद्याने दिला. तो 2024 च्या आरंभापासून लागू आहे. आपल्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै 2022 मध्ये समिती नेमली, तिच्या विषयांत शेतीयंत्रे व वाहने यांचा समावेश केला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये माहितीचे संकेतस्थळ सुरू केले. त्यात माहिती द्यायची की नाही हे कंपनीच्या इच्छेवर आहे. पुढे 2025 मध्ये दुरुस्तीयोग्यतेच्या निर्देशांकाचा जो विचार झाला, तो मोबाइल व इलेक्ट्रॉनिक वस्तूंपासून आरंभ करणारा होता. मोबाइल बिघडल्याने पेरणी राहत नाही, एवढेच येथे नोंदवतो.

कायदा दिल्लीचा, पण शिक्षण मुंबईच्या हातात आहे, आणि तिथे वऱ्हाडाचे जुने दुखणे पुन्हा उपटते. प्रा. वि. म. दांडेकर यांच्या समितीने 1984 मध्ये प्रादेशिक अनुशेष मोजला, तेव्हा तंत्रशिक्षण हे त्यातील एक स्वतंत्र क्षेत्र होते. त्या वेळी अनुशेष म्हणजे जागा आणि इमारती यांची तूट होती. आज इमारती उभ्या आहेत. तूट आहे ती आतल्या साधनांची. आमच्या वर्गात मिस्त्रींची मुले असतात. वडिलांचा धंदा पुढे चालवावा की नाही, असे ती विचारतात तेव्हा मागणी-पुरवठ्याच्या आलेखातून त्यांना उत्तर देता येत नाही. ज्या मुलाने लहानपणी कार्बोरेटर उघडून धुतला आहे, त्याला स्कॅनरवरचा आलेख वाचायला शिकवणे सहा महिन्यांचे काम आहे. ते शिकवायला अमरावती व अकोल्यातील औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत कॉमन रेलचा एक चालता संच, इंजेक्टर तपासण्याचे टेबल आणि निदर्शकांना नव्या तंत्राचे प्रशिक्षण इतके लागेल. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने नव्या ट्रॅक्टरांच्या दुरुस्तीस लागणारा काळ आणि खर्च यांच्या नोंदी तालुकावार ठेवून प्रसिद्ध केल्या, तर शेतकऱ्याला खरेदीपूर्वीच कळेल की कोणत्या यंत्राचा माणूस किती दिवसांनी येतो. कंपन्यांवर त्याचा जितका परिणाम होईल तितका दंडाच्या आदेशाने झालेला नाही.

22 सप्टेंबर 2025 पासून ट्रॅक्टर व त्याचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर 5 टक्क्यांवर आला. ही सवलत देताना सरकारला एक अट घालता आली असती: ज्या कंपनीने दुरुस्तीची पुस्तिका मराठीत दिली आणि दोषनिदानाचे साधन रास्त किमतीत स्वतंत्र मिस्त्रीला विकले, तिलाच कमी दर. ती घातली गेली नाही. पन्नासच्या आतल्या ट्रॅक्टरांना आज जुन्या मानकाची मुभा आहे. आज ना उद्या ती रेषा खाली सरकेल आणि मग वऱ्हाडातील बहुतेक प्रत्येक नव्या ट्रॅक्टरमध्ये मेंदू असेल. त्या अधिसूचनेच्या मसुद्यावर हरकती मागवल्या जातील, तेव्हा माहिती देण्याचे कलम त्याच मसुद्यात मागण्याची संधी शेतकरी संघटनांना, ग्राहक पंचायतीला आणि मिस्त्रींच्या संघटना असतील तर त्यांनाही मिळेल. हरकत मराठीत लिहिली तरी चालते, आणि तिला तिकिटाखेरीज काही खर्च येत नाही.