न जाळलेला कोळसा

उन्हाळा तोंडावर आला की आपल्या शहरांतून दोन चर्चा नेमाने सुरू होतात. एक पाण्याची आणि दुसरी विजेची. वीज गेली की आपण वीज कंपनीला दोष देतो, बिल हाती आले की दर ठरविणाऱ्यांना दोष देतो, आणि नवी वीजकेंद्रे का उभारली जात नाहीत असा सवाल करून मोकळे होतो. दिनांक ३० मे २०२४ रोजी देशातील विजेची मागणी अडीच लाख मेगावॉटपर्यंत चढली होती. ती मागणी मुख्यतः उकाड्याची होती, म्हणजे पंख्यांची, शीतपेट्यांची आणि वातानुकूलन यंत्रांची होती. उकाडा वाढत राहणार आणि मागणीही वाढत राहणार, हे सांगावयास ज्योतिषी नको. परंतु ही वाढती गरज भागविण्याचा मार्ग केवळ नव्या भट्ट्या पेटविणे हाच आहे काय, हा प्रश्न मात्र आपल्या चर्चेत फारसा येत नाही. तो आज आम्ही मुद्दाम पहिल्या पानावर मांडीत आहोत.

शहरातील बटण दाबले की दिवा लागतो. पण त्या बटणामागे कोणाचे तरी गाव असते, याचा महाराष्ट्रास विसर पडू नये. मुंबईस जलविद्युत् मिळू लागली ती १९१५ साली खोपोलीच्या केंद्रातून. पुढे आणखी वीज हवी म्हणून मुळशीस धरण बांधण्याचे काम सुरू झाले, तेव्हा १९२१ साली मावळच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला आणि सेनापती बापट त्यांच्यासाठी तुरुंगात गेले. धरण व्हावयाचे ते झालेच. भाताची खाचरे पाण्याखाली गेली आणि मुंबईच्या गिरण्या व आगगाड्या चालल्या. आज त्या ठिकाणी चंद्रपूर आहे. जवळजवळ तीन हजार मेगावॉटचे ते औष्णिक केंद्र रात्रंदिवस कोळसा जाळते. आणि उन्हाळ्यात देशातील अतितप्त शहरांत ज्याचे नाव नेहमी येते, ते चंद्रपूर शहर त्याची राख सोसते. तारेतील वीज कोठून आली हे तिच्यावर लिहिलेले नसते, हे खरे. तथापि पुण्या-मुंबईच्या दिवाणखान्यातील गारव्याचा काही भाग तरी त्या चिमण्यांच्या छायेत राहणाऱ्यांच्या श्वासावर उधार घेतलेला आहे, हे नाकारता येणार नाही.

या उधारीचा हिशेब सोपा आहे. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक-तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली उष्णता धुराड्यातून व थंड करावयाच्या पाण्यातून निघून जाते. मग तारांतून वाहताना काही गळती होते. अशा रीतीने एक युनिट वीज घरापर्यंत पोचविण्यासाठी सुमारे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा खर्ची पडतो. उलट घरात एक युनिट वाचले तर ही सारी साखळीच्या साखळी वाचते. वाचविलेली वीज ही जणू काटकसरी गृहिणीने डब्यात टाकलेली चिल्लर आहे, असे आपण समजतो. वस्तुतः ती निर्माण केलेल्या विजेइतकीच खरी असून तिच्याहून स्वस्त असते. तिला ना जमीन लागते, ना पाणी, ना राखेचे तळे.

हे केवळ बोलणे नव्हे, याचा पुरावा प्रत्येकाच्या घरात टांगलेला आहे. तारेचा जुना बल्ब आठवावा. त्यातील तार अडीच हजार अंशांच्या आसपास तापवावयाची आणि ती तापली की जो थोडा उजेड पडेल तो वापरावयाचा, अशी त्याची रीत होती. शंभर भाग विजेतील नव्वदांहून अधिक भाग उष्णतेत जात. त्यास दिवा म्हणण्यापेक्षा थोडासा उजेड देणारी शेगडी म्हणणे अधिक बरोबर ठरले असते! एलईडी दिव्यात काही तापवावयाचेच नसते. त्यातील अर्धवाहकात इलेक्ट्रॉन वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर येतो आणि त्या उतरण्यातली ऊर्जा सरळ प्रकाशरूपाने बाहेर पडते. असा तांबडा दिवा १९६२ साली तयार झाला होता. परंतु निळा दिवा साधण्यास पुढील तीन दशके लागली, आणि निळ्यावाचून पांढरा उजेड नाही. आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघा जपानी वंशाच्या शास्त्रज्ञांनी ते कोडे सोडविले आणि २०१४ साली त्यांना पदार्थविज्ञानाचे नोबेल पारितोषिक मिळाले. साठ वॉटचा बल्ब जितका उजेड देई, तितका आज आठ-नऊ वॉटमध्ये मिळतो तो त्यांच्यामुळे.

परंतु प्रयोगशाळेतला शोध आणि चाळीतल्या खोलीतला दिवा यांच्यात एक मोठी दरी असते, आणि ती दरी किमतीची असते. आपल्या देशाने ती कशी ओलांडली, ही कथा नोबेल पारितोषिकाइतकीच मननीय आहे. जानेवारी २०१५ मध्ये ‘उजाला’ योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने कोट्यवधी दिव्यांची एकगठ्ठा मागणी नोंदवून निविदा मागविल्या. प्रत्येक फेरीस भाव उतरत गेला. २०१४ च्या आरंभी जो दिवा खरेदीत ३१० रुपयांस पडत होता तो २०१६ मध्ये ३८ रुपयांवर आला. छत्तीस कोटींहून अधिक दिवे या योजनेतून वाटले गेले. लोकांना त्याग करा, अंधारात बसा, असे कोणी सांगितले नाही. चांगली वस्तू परवडेल अशा भावाने त्यांच्यापुढे ठेवली आणि लोकांनी ती उचलली. राष्ट्रीय कर्तव्यावरील शंभर व्याख्यानांनी जे झाले नसते, ते एका नीट काढलेल्या निविदेने झाले.

मग दिव्याजवळच आपण का थांबलो? दिव्याच्या शेजारी छताला जो पंखा फिरतो, त्याच्याकडे पाहा. बहुतेक घरांतील जुना पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो. त्याच्या मोटरमधील फिरता भाग प्रवर्तनाने चालतो. म्हणजे त्यात आधी विजेचा प्रवाह उत्पन्न करावा लागतो आणि या व्यवहारात बरीच वीज गरमीच्या रूपाने वाया जाते. मोटरच्या कवचाला हात लावणाऱ्या वायरमनला हे कोणी शिकवावे लागत नाही. त्यात जुना पेटीवजा रेग्युलेटर असला तर पाहावयास नको. पंखा हळू करावा तर उरलेली वीज त्या पेटीत तापून जाते. ज्यास बाजारात बीएलडीसी पंखा म्हणतात, त्याच्या फिरत्या भागावर कायम चुंबकेच बसविलेली असतात. इलेक्ट्रॉनिक नियंत्रक भोवतालच्या वेटोळ्यांत पाळीपाळीने प्रवाह सोडतो आणि चुंबके त्यामागे धावतात. तेवढाच वारा सुमारे ३० वॉटमध्ये मिळतो. दिवसास बारा तास आणि वर्षास तीनशे दिवस पंखा चालला, असे धरले तर एका पंख्यामागे १६२ युनिटे वाचतात. युनिटला आठ रुपये धरले तर ही रक्कम तेराशे रुपयांच्या जवळ जाते. ती वीज कोळशाची असेल तर वर्षाकाठी एका पंख्यामागे एक क्विंटल कोळसा खाणीतच राहतो. आमच्या वाचकांनी आपल्या घरातील पंखे एकदा मोजावेत.

२०२३ च्या जानेवारीपासून छताच्या पंख्यांवर तारांकित चिठ्ठी बंधनकारक झाली, हे चांगलेच झाले. त्याच वर्षी नोव्हेंबरात एक कोटी कार्यक्षम पंख्यांचा कार्यक्रमही जाहीर झाला. पण दिवा जसा घरोघर पोचला तसा हा पंखा पोचलेला नाही. याचे एक कारण उघड आहे. नवा पंखा साध्या पंख्याहून हजार-दीड हजार रुपयांनी महाग पडतो, आणि दुकानात उभ्या असलेल्या माणसास आजचे हजार रुपये दिसतात, दहा वर्षांचे तेरा हजार दिसत नाहीत. दुसरे कारण मात्र आम्हांस अधिक गंभीर वाटते. पंखा विकत घेणारा एक आणि बिल भरणारा दुसरा, अशी आपल्याकडे पुष्कळदा स्थिती असते. इमारत बांधणारा स्वस्तातला पंखा लावून सदनिका विकतो. बिल गिऱ्हाईक भरते. घरमालक जुना पंखा तसाच ठेवतो; बिल भाडेकरू भरतो.

सार्वजनिक संस्थांत तर याहून मौज आहे. आमच्या आयुष्यातील काही वर्षे शाळेच्या वर्गात गेली. पंखे घेण्याची वेळ आली की तीन दरपत्रके मागवावयाची आणि सर्वांत कमी दराचे मंजूर करावयाचे, हा तेथील शिरस्ता होता. खरेदीची रक्कम एका सदरात पडे, विजेचे बिल दुसऱ्या सदरात. दोन सदरांची गाठ कधी पडत नसे. सर्वांत स्वस्त पंखा हाच पुढे सर्वांत महाग पडतो, असे कोणी सुचविले तर हिशेबनीस विचारीत की, लेखापरीक्षकास काय सांगू? त्या हिशेबनीसांचा दोष नव्हता. नियमच तसा होता, आणि अनेक कचेऱ्यांत तो आजही तसाच आहे.

वातानुकूलन यंत्राविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे, कारण मध्यमवर्गाची खरी परीक्षा तेथे आहे. दीड टनाचे यंत्र जोरात चालू असता सुमारे दीड हजार वॉट घेते. म्हणजे नव्या जातीचे पन्नास पंखे! इन्व्हर्टर पद्धतीच्या यंत्रात (येथे जिन्याखालील बॅटरी अभिप्रेत नाही) काँप्रेसर दर थोड्या वेळाने बंद पडून पुन्हा झटक्याने सुरू होत नाही. खोली थंड होत आली की तो आपली गती कमी करतो, आणि म्हणून त्याचा वीजखर्च कमी राहतो. २०२० पासून तारांकित यंत्रे सुरू होताना २४ अंशांवरच सुरू व्हावीत, असा नियम आहे. तापमान एका अंशाने वर ठेवले की सुमारे सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोचे म्हणणे आहे. यंत्र सव्वीसवर ठेवावे आणि वर पंखा हळू चालू द्यावा, म्हणजे सुख तेच मिळते. परंतु यंत्र अठरावर ठेवून वर रजई ओढण्याची जी एक नवी सुसंस्कृतता आपल्यांत आली आहे, तिच्यापुढे कोणतेही तंत्रज्ञान हात टेकील.

येथे एक जुना आक्षेप पुढे येतो व तो टाळून चालणार नाही. १८६५ साली विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने असे दाखविले की, वाफेची यंत्रे काटकसरी झाली तसा इंग्लंडचा कोळसा कमी न जळता अधिक जळू लागला. कारण स्वस्त झालेली शक्ती अधिक ठिकाणी वापरली गेली. आपल्याकडेही जेथे पूर्वी एक बल्ब पुरे तेथे आता खोट्या छतात आठ दिवे लुकलुकतात, हे आम्ही पाहतो. आक्षेपात तथ्य आहे. पण ते सर्वत्र सारखे नाही. पंखा काटकसरी झाला म्हणून कोणी थंडीत तो लावून बसत नाही. आणि ज्या घरात पूर्वी एकच दिवा होता तेथे काटकसरी दिव्यामुळे दुसरा आला, मुलीला अभ्यासास वेगळी जागा मिळाली, तर त्यास उधळपट्टी म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. उधळपट्टी शोधावयाची ती आपल्या काचेच्या इमारतींत शोधावी. पश्चिमेचे ऊन भिंतभर काचेतून आत घ्यावयाचे आणि मग ते बाहेर घालविण्यास यंत्रे लावावयाची, हा प्रकार जाड भिंतींच्या वाड्यांत वाढलेल्या पिढीस तरी समजण्याजोगा नाही.

वीजबचतीचा विषय निघाला की शेतीपंपांकडे बोट दाखविण्याची शहरी सवय आम्हांस ठाऊक आहे. तेथेही सुधारणेस पुष्कळ वाव आहे, आणि त्याविषयी आम्ही स्वतंत्रपणे लिहू. पण शेतकऱ्याने पंप बदलेपर्यंत शहराने पंखा बदलू नये, असे काही शास्त्र नाही.

तेव्हा राज्य सरकारकडे आमची मागणी मोजकी आहे. दिव्यांसाठी जी एकगठ्ठा खरेदी झाली ती राज्याने पंख्यांसाठी करावी, आणि तिचा आरंभ सरकारी शाळा, रुग्णालये व कचेऱ्या यांपासून करावा. ज्यांना एकदम पैसे देणे जमत नाही त्यांना पंखा वीजबिलातील मासिक हप्त्यावर मिळावा. बचत हप्त्याहून कमी पडू नये, इतका लहान हप्ता ठेवणे अवघड नाही. नव्या सदनिकांत कोणत्या दर्जाचे पंखे व यंत्रे बसविली आहेत, हे विक्रीच्या करारात लिहिणे बांधकाम व्यावसायिकांवर बंधनकारक करावे. आणि सरकारी खरेदीच्या निविदापत्रात किमतीच्या रकान्याशेजारी आणखी एक रकाना छापावा: दहा वर्षांच्या विजेचा खर्च. शाळेचा पंखा दिवसास सहा तास आणि वर्षास दोनशेवीस दिवसच चालतो. तरीही दहा वर्षांत तो सहाशेच्या जवळपास युनिटे वाचवील, आणि आठ रुपयांच्या दराने ती रक्कम नव्या पंख्याच्या पूर्ण किमतीहून अधिक भरेल. दोन्ही रकान्यांची बेरीज करून जो दर सर्वांत कमी येईल तो मंजूर करावा, असा शासननिर्णय काढण्यास विधिमंडळाचे अधिवेशन बोलावावे लागत नाही.