मसलत आणि तिचे उत्तर

दरवर्षी मार्च महिन्यात राज्याचा अर्थसंकल्प विधिमंडळापुढे येण्यापूर्वीचे दोन-अडीच महिने मुंबईच्या मंत्रालयापासून जिल्ह्याच्या नियोजन भवनापर्यंत सर्वत्र बैठकांचे असतात. व्यापारी व उद्योजकांच्या संस्थांचे पदाधिकारी, शेतकरी संघटनांचे नेते, सहकारी कारखान्यांचे अध्यक्ष आणि नामवंत अर्थतज्ज्ञ यांना आदराने पाचारण केले जाते, पालकमंत्री व जिल्हाधिकारी आपापल्या जिल्ह्याच्या वार्षिक योजनेचे प्रारूप घेऊन अर्थमंत्र्यांपुढे बसतात, आणि कर्जाचा वाढता भार, कोरडवाहू शेतीची दैना, सुशिक्षित तरुणांची बेकारी, मुंबई-ठाणे-पुण्याच्या पट्ट्यात साठत चाललेली समृद्धी या सर्व प्रश्नांवर पुष्कळ आस्थेने बोलले जाते. लोकांतील जाणत्या माणसांना विचारून कारभार करावा ही वृत्ती मला मनापासून मान्य आहे. परंतु अशा बैठका जवळून पाहिल्यानंतर माझे मत असे बनले आहे की, विचारणे हे या व्यवहाराचे अर्धेच अंग असून, ज्याला विचारले त्याला त्याचे म्हणणे स्वीकारले किंवा अमुक कारणास्तव नाकारले असे लेखी कळविण्याचे दुसरे अंग आपल्या राज्यकारभारातून जवळजवळ लुप्त झाले आहे.

वास्तविक आपले राज्यच अशा एका मसलतीच्या पायावर उभे आहे. २८ सप्टेंबर १९५३ रोजी पश्चिम महाराष्ट्र, विदर्भ आणि मराठवाडा येथील पुढाऱ्यांनी जो नागपूर करार केला, त्यात विकासाच्या निधीची प्रदेशवार न्याय्य वाटणी, शिक्षणात व सरकारी नोकऱ्यांत योग्य हिस्सा, मराठवाड्याच्या मागासलेपणाकडे विशेष लक्ष आणि वर्षातून काही काळ शासनाचे नागपुरास वास्तव्य अशी अभिवचने होती. नागपूरचे हिवाळी अधिवेशन त्याच करारातून आले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ३७१ मध्ये अशी तरतूद केली की, विदर्भ, मराठवाडा व उर्वरित महाराष्ट्र यांच्यासाठी स्वतंत्र विकास मंडळे स्थापण्याची विशेष जबाबदारी राज्यपालांवर सोपविता यावी आणि प्रत्येक मंडळाच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेपुढे ठेवला जावा. या शेवटच्या शब्दांचे महत्त्व मला फार वाटते, कारण शासनाने काय ऐकले आणि काय केले याचा ताळेबंद वर्षाच्या वर्षाला मांडण्याचे बंधन येथे प्रत्यक्ष राज्यघटनेनेच घातले होते. मंडळे अस्तित्वात यावयास मात्र १९९४ साल उजाडले, म्हणजे तरतुदीनंतर ३८ वर्षे गेली. आणि एप्रिल २०२० अखेर त्यांची मुदत संपली तेव्हा, तो ताळेबंद मागण्याचा घटनेने दिलेला आधारही नाहीसा झाला.

दरम्यान १९८३ मध्ये शासनाने वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्रादेशिक असमतोलाचा शोध घेण्यासाठी समिती नेमली. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालकपद भूषविलेल्या या करड्या शिस्तीच्या पंडिताने रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा क्षेत्रांत राज्याची सरासरी काढली, प्रत्येक जिल्हा त्या सरासरीच्या किती मागे आहे ते मोजले, आणि ती उणीव भरून काढण्यास लागणाऱ्या रकमेला अनुशेष म्हटले. १९८४ च्या अहवालात ही रक्कम ३,१८६ कोटी ७८ लाख रुपये निघाली आणि तीत विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के होता. वक्तृत्वाने तापलेल्या एका प्रश्नाला प्रथमच हिशेबाची बैठक मिळाली हे दांडेकरांचे उपकार कोणीही विसरू नयेत. तथापि सरासरीच्या मापाला एक अंगभूत मर्यादा असते: पुढे गेलेले जिल्हे आणखी पुढे सरकले की सरासरीही वर चढते, आणि मागच्याने जे अंतर कापले ते पुन्हा त्याच्यापुढे उभे राहते. १९९४ च्या स्थितीवरून पुन्हा हिशेब झाला तेव्हा अनुशेष १४ हजार कोटींच्या वर गेला होता. त्यात महागाईचा भाग होता, तसाच या चढत्या सरासरीचाही होता. शिवाय रस्त्याची लांबी मोजता येते, पण तो रस्ता पावसाळ्यात ओढ्याखाली जातो की नाही हे मोजपट्टीला कळत नाही. ते गावाला कळते. म्हणून हिशेबाला विचारण्याची जोड लागते. २०११ मध्ये विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीने हे ओळखले होते. तिचे सदस्य प्रदेशोप्रदेशी हिंडले आणि लोकप्रतिनिधींना, कार्यकर्त्यांना, अभ्यासकांना भेटले. अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये शासनाकडे गेला, विधिमंडळापुढे तो डिसेंबर २०१४ मध्ये आला, आणि ज्यांनी तासन् तास बसून आपल्या तालुक्याची कैफियत समितीला ऐकविली होती त्यांना तिच्या एकेका मुद्द्याचे काय झाले हे सांगणारा कागद कोणाकडून आला नाही.

आता ज्यांना विचारावयाचे ते जाणते कोण, हा प्रश्न घेऊ, कारण तेथेच मला सर्वांत अधिक चिंता वाटते. बीड जिल्ह्यातून लाखो माणसे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडतात. नवरा-बायकोच्या जोडीला त्या व्यवहारात एक कोयता म्हणतात, मुकादमाकडून घेतलेली उचल फिटेपर्यंत तो कोयता साताऱ्या-सांगलीच्या, कोल्हापूरच्या नाहीतर कर्नाटकातील फडावर राबतो, आणि गाळप संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या उन्हात, कुटुंब परत येते. नेमक्या याच काळात जिल्ह्याची योजना ठरते, २६ जानेवारीची ग्रामसभा होते आणि अर्थसंकल्प मंजूर होतो. गावात त्या दिवसांत म्हातारी माणसे आणि काही मुले असतात. सभेच्या इतिवृत्तात गावाचे मत नोंदले जाते, परंतु ज्यांच्या स्थलांतराला आपण जिल्ह्याचे प्रमुख आर्थिक दुखणे म्हणतो त्यांचा त्यात एक शब्दही नसतो. त्यांच्या वतीने कोणी बोललाच तर तो मुकादम बोलतो, आणि त्याचे हित व कोयत्याचे हित एक नव्हे. ऊस तोडणाऱ्या बाईला फडावर पाण्याचे, बाळंतपणाचे, मुलांच्या शाळेचे काय हाल सोसावे लागतात हे तिच्याइतके कोणत्याही कारखान्याच्या अध्यक्षाला ठाऊक नाही. तिला विचारावयाचे तर सभा मे महिन्यात घ्यावी, किंवा कोणीतरी वही घेऊन फडावर जावे. यांत अशक्य असे काही नाही.

शासनाने खालच्या माणसाचे ऐकून घेतले आणि त्याला उत्तर देण्याचेही बंधन स्वतःवर घालून घेतले, असा एक थोर प्रसंग आपल्याच राज्याच्या इतिहासात आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात आपल्या विसापूर गावी, शेतमजुराला नेमके काय हवे याचा विचार करून कामाच्या हमीचा प्रयोग आरंभिला. मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांनी ती कल्पना उचलून धरली, १९७२ च्या दुष्काळाने तिची निकड साऱ्या राज्याला पटविली, आणि १९७७ चा रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अंमलात आला. शहरांतील पगारदार व व्यावसायिक यांनी व्यवसाय कर भरावा आणि त्यातून खेड्यातील मजुराच्या कामाची सोय व्हावी, ही त्यामागील व्यवस्थाही तितकीच उदार होती. मजुराने अर्ज दिला की १५ दिवसांत काम द्यावयाचे, न दिल्यास बेकारी भत्ता द्यावयाचा, हा त्या कायद्याचा प्राण. अंमलबजावणीत उणिवा राहिल्या, खोट्या हजेरीपटांच्या तक्रारी झाल्या, हे सर्व खरे. तरीही निरक्षर मजुराच्या अर्जाला उत्तर देण्यास सरकारला मुदत बांधून देणारे हे तत्त्व पुढे २००५ मध्ये साऱ्या देशाने स्वीकारले. मग जे एका मजुराच्या बाबतीत साधले ते एका गावाच्या ठरावाच्या बाबतीत का साधू नये?

त्यासाठी लागणारी संस्था कागदावर आहे. राज्यघटनेने जिल्हा नियोजन समिती सांगितली आणि तिचे किमान चार पंचमांश सदस्य जिल्हा परिषद व नगरपालिका-महानगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांनी आपल्यातून निवडावेत, असा दंडक घातला. हेतू स्पष्ट होता की जिल्ह्याची योजना पालकमंत्र्यांच्या मर्जीवर न सोडता गावांनी व शहरांनी निवडलेल्या माणसांनी ठरवावी. परंतु २०२२ पासून बहुसंख्य जिल्हा परिषदांच्या व महानगरपालिकांच्या मुदती संपल्या, निवडणुका लांबल्या आणि कारभार प्रशासकांच्या हाती गेला, इतका की मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवडणुका घेण्याचा आदेश द्यावा लागला. जेथे निवडून आलेले सदस्यच नव्हते तेथे समितीचे चार पंचमांश कोठून यावेत? त्या वर्षांतही वार्षिक योजना होत राहिल्या, निधी ३१ मार्चच्या आत खर्ची पडत राहिला, आणि ज्यांना विचारणे घटनेने सक्तीचे केले होते त्यांची आसने रिकामी राहिली. या गोष्टीची चीड जितकी सार्वजनिक व्हावयास हवी होती तितकी झाली नाही, याचे मला दुःख आहे.

याउलट गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात मेंढा-लेखा नावाचे एक लहान गोंड गाव निराळ्या रीतीने चालले होते. तेथे सर्वांच्या सहमतीवाचून निर्णय होत नाही, म्हणून गावाच्या वतीने एकट्यादुकट्या पुढाऱ्याला परस्पर होकार देऊन येता येत नाही. आणि निर्णयापूर्वी विषय समजावा म्हणून बाहेरचे जाणकार व गावकरी एकत्र बसून अभ्यासगट चालवितात. वनहक्क कायद्याने काय दिले हे त्यांनी असेच बसून समजून घेतले, २००९ मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळविला, आणि एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले. शासनाला सल्ला देण्याची योग्यता पदाने येत नसून अभ्यासाने व एकत्र बसण्याने येते, हे या गावाने सिद्ध केले.

राज्यात सुमारे २८ हजार ग्रामपंचायती आहेत, इतक्या ठरावांना उत्तरे कोण देणार, असा आक्षेप एका जाणत्या अधिकाऱ्याने माझ्यापाशी काढला होता. ठराव आजही तालुक्याच्या कचेरीत येतात, त्यांची छाननी होते, आणि कोणता घ्यावयाचा, कोणता वगळावयाचा हे कोणीतरी ठरवितोच. त्याच वेळी कारणाची एक ओळ लिहिण्याचे कष्ट तेवढे वाढतील. ती ओळ १ मेच्या ग्रामसभेत वाचून दाखवावी, कारण फडावरची माणसे तोवर गावी परतलेली असतात, आणि नाकारलेल्या मागणीवर त्यांना फेरविचाराचा अर्ज करावयाचा असल्यास जिल्हा नियोजन समितीने तो १५ दिवसांत निकालात काढावा. याला नवा कर लागत नाही, नवे खाते लागत नाही. जिल्हा नियोजन समित्यांच्या १९९८ च्या अधिनियमात एक कलम घालावे लागेल, आणि ते विधेयक येत्या अधिवेशनात मांडता येईल.