नानींचा आवाज आणि एक्स्पोर्टचं बटण



ज्या घरातलं माणूस अमिरातीत कामाला आहे, त्या घराला सांगावं लागत नाही की तिकडे व्हॉट्सअॅपचा व्हिडिओ कॉल लागत नाही. आमच्या खाला शारजाला राहतात. म्हणून कित्येक वर्षं दर रविवारी असरच्या नमाजनंतर आमच्याकडे झूमचा कॉल व्हायचा. बहुतेक वेळा खालांच्या लॅपटॉपवरून. खातं मोफतचं, त्यामुळे ४० मिनिटं झाली की कॉल तुटायचा, आणि नेमका नानींच्या गोष्टीच्या मध्येच तुटायचा. "गेला बघा तुमचा कॉल," असं म्हणून नानी तस्बीह हातात घ्यायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा जोडणी झाली की गोष्ट सोडली होती तिथून पुढे चालू.

गेल्या हिवाळ्यात नानींचा इंतकाल झाला. खालांना मय्यतीला पोहोचता आलं नाही. महिनाभराने त्यांनी एकच मागणी केली: कॉलची जी रेकॉर्डिंग आहेत ती नीट कापून, जोडून एक फीत करून द्या, ईदला सगळे बसून पाहू. त्यांनी लॅपटॉपमधले दहा तुकडे पाठवले, एक आमच्याकडे होता. कापाकापी आम्हाला जमली. घोडं अडलं ते शेवटच्या पायरीवर, एक्स्पोर्ट करताना. तिथे दहा खिडक्या उघडतात, प्रत्येकीत आकडे, आणि आपण 'हाय क्वालिटी' दिसेल ते दाबून मोकळे होतो. आम्हीही तेच केलं. त्या चुकांतून जे शिकलो ते या महिन्याच्या सदरात मांडतो आहोत, कारण अशी रेकॉर्डिंग आता बहुतेक घरांत पडून आहेत.

पहिली फीत ५० मिनिटांची झाली आणि फाइल निघाली ६ जीबीची! सगळे मूळ तुकडे मिळून जेमतेम ३०० एमबी होते. मग हे वाढलं काय? काहीच नाही. झूमने रेकॉर्ड केलेलं चित्र होतं ६४० बाय ३६० पिक्सेलचं. आम्ही एक्स्पोर्टला १९२० बाय १०८० निवडलं होतं. पाव किलो मटणात पाणी वाढवलं की रस्सा वाढतो, मटण नाही. जे बारकावे कॅमेऱ्याने आणि इंटरनेटने आणलेच नाहीत, ते एक्स्पोर्ट कुठून आणणार? म्हणून पहिला नियम: कापाकापीला बसण्याआधी मूळ फाइलवर राइट क्लिक करून तिच्या प्रॉपर्टीजमध्ये चित्राचा आकार पाहून घ्यावा आणि एक्स्पोर्टला तोच ठेवावा. तुकडे वेगवेगळ्या आकाराचे असतील तर १२८० बाय ७२० पुरे. झूमच्या घरगुती कॉलला त्याहून मोठा आकार क्वचितच लागतो.

ती ६ जीबीची फाइल पेन ड्राइव्हवरही जाईना. पेन ड्राइव्ह ३२ जीबीचा, रिकामा, तरी नकार. कारण असं की बरेच पेन ड्राइव्ह 'फॅट ३२' या पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी राहू शकत नाही. टीव्हीला पेन ड्राइव्ह लावून फीत पाहायची असेल तर हे आधीच ध्यानात ठेवावं.

फाइल किती मोठी होणार हे एक्स्पोर्टच्या आधीच काढता येतं. हिशेब रेशनच्या हिशेबाइतका सोपा आहे. बिटरेट म्हणजे दर सेकंदाला किती माहिती खर्च करायची तो आकडा. बिटरेट गुणिले सेकंद, भागिले आठ. आमच्या पहिल्या फितीचा बिटरेट सॉफ्टवेअरने आपणहून १६ मेगाबिट धरला होता. ५० मिनिटं म्हणजे ३००० सेकंद. १६ गुणिले ३०००, भागिले ८ म्हणजे ६००० एमबी. तेच २ मेगाबिट ठेवलं तर ७५० एमबी. कॉलमध्ये माणूस एका जागी बसून बोलत असतं, मागची भिंत हलत नाही, त्यामुळे एवढ्यात चित्राचं काही बिघडत नाही. क्रिकेटच्या सामन्याला हा आकडा कमी पडेल, नानींच्या पलंगाला पुरतो.

आता आमची सगळ्यात मोठी डोकेदुखी. दुसरी फीत आकाराने बरी निघाली, पण पाहताना पंधराव्या मिनिटानंतर नानींचे ओठ आधी हलायचे आणि आवाज मागून यायचा. शेवटाला तर फरक इतका, की हसू येऊन जायचं आणि मग हसण्याचा आवाज. आम्हाला वाटलं कापताना आपला हात चुकला. तसं नव्हतं. कॉलच्या रेकॉर्डिंगमध्ये दर सेकंदाला येणाऱ्या चित्रांची संख्या सारखी नसते. लाइन चांगली असेल तेव्हा २५-३० चित्रं, लाइन दबली की कमी. आवाज मात्र आपल्या चालीने सरळ चालतो. एडिटिंगचं सॉफ्टवेअर चित्रांची संख्या सगळीकडे सारखी आहे असं धरून बसलं, की दोघांची फारकत होते.

यावर उपाय कापाकापीच्या आधी करायचा असतो. हँडब्रेक नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. त्यात प्रत्येक तुकडा घालून व्हिडिओच्या खिडकीत फ्रेम रेट ३० आणि खाली 'कॉन्स्टंट' निवडायचं, दर्जाचा आकडा १८ च्या आसपास ठेवायचा (इथे आकडा जितका लहान तितका दर्जा चांगला), आणि निघालेली फाइल एडिटिंगला घ्यायची. शॉटकट हे मोफत एडिटर वापरत असाल तर अशी फाइल उघडताच ते स्वतःच ती बदलून घेण्याचं सुचवतं. तेव्हा 'नको' म्हणू नये. झूमच्या सेटिंगमध्येही रेकॉर्डिंग बाहेरच्या एडिटरसाठी सोयीचं करून ठेवण्याचा पर्याय असतो. पुढच्या कॉलआधी तो सुरू करून ठेवावा.

कोडेक या शब्दाला घाबरू नये. चित्र घडी घालून ठेवण्याची ती रीत आहे. दोन नावं समोर येतात: एच.२६४ आणि एच.२६५. दुसरी नवी, तिने फाइल बरीच लहान होते. पण आमच्या मोठ्या मामूंचा टीव्ही जुना आहे. त्यावर एच.२६५ ची फीत लावली तर नुसता आवाज आला, पडदा काळा. ज्यांच्यासाठी फीत करतो आहोत त्यांच्याकडे नवा फोन असेलच असं नाही, आणि घरातले बुजुर्ग तर जुन्याच टीव्हीसमोर बसतात. म्हणून एमपी४ फाइल आणि एच.२६४, हेच बरं.

आवाजाबद्दल मात्र थोडं थांबून सांगायचं आहे. फाइल लहान करायची म्हणून लोक आधी आवाजावर कात्री चालवतात. हिशेब करून पाहा. एएसी पद्धतीचा १२८ किलोबिटचा आवाज ५० मिनिटांना फक्त ४८ एमबी घेतो. ७५० एमबीच्या चित्राशेजारी ४८ एमबी वाचवून काय साधणार? आणि कॉलमध्ये खरं जपायचं असतं ते बोलणंच. चेहरा फोटोतही आहे. "खाल्लंस का गं?" हे विचारणं फोटोत नाही.

दुसरी चूक आम्ही आवाज 'साफ' करताना केली. नानींच्या खोलीत पंखा चालायचा, त्याची घरघर काढायला आवाज स्वच्छ करण्याचं फिल्टर पूर्ण जोरात लावलं. पंखा गेला, आणि नानींचे हळू बोललेले शब्दही गेले. वाक्याच्या शेवटी त्या दम घेऊन बोलायच्या, ते सगळं पाण्याखालून आल्यासारखं झालं. कॉलच्या वेळी झूम स्वतःच थोडी घरघर दाबत असतं. त्यावर आपण पुन्हा दाबलं की माणसाचा आवाज सोलून निघतो. आता आम्ही फिल्टर अगदी थोडं लावतो, आणि पंखा थोडा ऐकू येऊ देतो. तोही त्याच घरातला आहे.

आमच्याकडे जो एक तुकडा होता, त्याचं सांगायचं आम्ही टाळत होतो. त्या दिवशी कॉल आमच्या कॉम्प्युटरवरून झाला होता आणि नानींनी लग्नानंतर पहिल्यांदा बोटीने मुंबईला गेल्याची गोष्ट सांगितली होती. पडावातून बोटीवर चढताना त्यांचा बुरखा भिजला होता, ती गोष्ट. आम्ही तेव्हाच तो तुकडा कुटुंबाच्या ग्रुपवर टाकायला म्हणून सगळ्यात लहान आकारात एक्स्पोर्ट केला आणि जागा होत नव्हती म्हणून मूळ फाइल पुसून टाकली. आज त्या तुकड्यात नानींचा चेहरा म्हणजे चौकोनी ठिगळं आहेत आणि आवाज डब्यातून आल्यासारखा. चेहरा 'स्पष्ट' करून देणारं अॅपही वापरून पाहिलं. त्याने सुरकुत्या नसलेली कुणी भलतीच बाई दाखवली. ते अॅप गेलेलं परत आणत नाही, अंदाजाने नवं रंगवतं. खालांनी एका शब्दाने बोल लावला नाही. पण ती गोष्ट त्यांनी तीनदा लावायला सांगितली, आणि तिसऱ्यांदा डोळे मिटून ऐकली.

आपल्या घरांत मदरशात शिकलेली मुलं असतात, त्यांना सनद म्हणजे काय ते ठाऊक आहे. हदीस कुणी कुणाकडून ऐकली त्याची ती साखळी. रावी भरवशाचे असले, की साखळीत दुवे जितके कमी तितकी सनद उंच मानली जाते, आणि एक दुवा कमी व्हावा म्हणून मुहद्दिसांनी दूरदूरचे प्रवास केले. त्या थोर कामाशी आमच्या घरगुती फितीची बरोबरी नाही. पण गोष्ट समजायला मदत होते. दर वेळी एक्स्पोर्ट केलं की मूळ आणि आपण यांच्यात एक दुवा वाढतो आणि थोडं काही गळतं. एक्स्पोर्ट केलेल्या फाइलवरून पुन्हा एक्स्पोर्ट, ती ग्रुपवर, ग्रुपवरून उतरवून पुन्हा दुसऱ्या ग्रुपवर, असं करत गेलं की शेवटी ठिगळंच उरतात. म्हणून फेरफार करायचा तर मूळ फाइलकडे परत जावं. नुसती सुरुवात-शेवट छाटायची असेल तर लॉसलेसकट हे मोफत सॉफ्टवेअर पुन्हा एक्स्पोर्ट न करता तुकडा कापून देतं. कापणी एखाद-दोन सेकंद इकडेतिकडे होते एवढंच. व्हॉट्सअॅपवरून पाठवताना व्हिडिओ म्हणून नव्हे, 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावं. मग फाइल जशी आहे तशी जाते, आणि २ जीबीपर्यंत जाते.

एक बाब कुठल्याच सेटिंगमध्ये नसते. घरगुती कॉलमध्ये माणसं घरात असतात तशी असतात. कुणाच्या डोक्यावर ओढणी नाही, कुणाची सून मागून पातेलं घेऊन जाते, कुणी आजाराचं सांगतं, कुणी जमिनीच्या वाटणीचं. ते बोलणं आपल्याकडे अमानत आहे. आम्ही फितीत दिसणाऱ्या प्रत्येकाला विचारलं. दोन भाच्यांनी चेहरा नको म्हटलं, तिथे नानींची एकटीची चौकट मोठी करून बाकीचं कापलं. एका जागी नानी शेजारणीच्या निकाहातल्या जेवणाबद्दल बोलतात आणि पोट धरून हसतात. इतकं मोकळं हसू बाकी कुठल्याच तुकड्यात नाही. पण ती गीबत होती, आणि ज्यांच्याबद्दल होती त्या हयात आहेत. घरात यावर बराच वाद झाला. खाला म्हणाल्या, "कापा. अम्मींच्या मागे त्यांचं हे आपण पसरवायचं नाही." आम्ही कापलं.

शेवटी दोन एक्स्पोर्ट केले. एक पूर्ण फीत, फक्त घरासाठी. दुसरा नुसता आवाज, एम४ए फाइल, जी नात्यातल्या कुणालाही देता येते. खाला ती स्वयंपाक करताना लावतात.

थोडक्यात, आमची यादी अशी:

मूळ फाइल तशीच ठेवावी. काम तिच्या प्रतीवर करावं.
आधी फ्रेम रेट एकसारखा करावा, मग कापाकापी.
चित्राचा आकार मूळ फाइलइतकाच. जास्तीत जास्त १२८० बाय ७२०.
एमपी४ फाइल, एच.२६४, बिटरेट २ मेगाबिटच्या आसपास.
आवाज एएसी, १२८ किलोबिट. घरघर काढण्याचं फिल्टर अगदी हलकं.
सगळं एक्स्पोर्ट करण्याआधी शेवटची दोन मिनिटं जिथे येतात तेवढाच तुकडा काढून फोनवर आणि टीव्हीवर पाहावा. ओठ आणि आवाजाची फारकत शेवटीच दिसते.
तीन प्रती ठेवाव्यात, त्यातली एक दुसऱ्या घरात. आमची तिसरी प्रत शारजाला आहे.

ईदच्या दुपारी फीत लावली. मोठ्या मामूंच्या टीव्हीवर ती विनातक्रार चालली. फितीत एका जागी ४० मिनिटं संपून कॉल तुटतो, आणि तुटण्याआधी नानी म्हणतात, "गेला बघा तुमचा कॉल." तो तुकडा आम्ही काढला नाही.

या रविवारी तुमच्याकडे कॉल झाला तर सगळ्यांना विचारून रेकॉर्डिंगचं बटण दाबा, आणि बुजुर्गांना बोलू द्या. अल्लाह आपल्या सगळ्या मरहूमांची मगफिरत करो. आमीन.